तासाची शेवटची पाच मिनिटं

बी.पी.एड.ला असताना सराव पाठांची वही भरावी लागायची. टाचणाचा साचा ठरलेला असे. आधी रांगा आणि हजेरी, मग शरीर तापवण्याच्या हालचाली, मग कवायत किंवा लेझीम-डंबेल्स, त्यानंतर त्या दिवशीचं मुख्य कौशल्य, मग पाच मिनिटं ‘मनोरंजनात्मक खेळ’ आणि शेवटी विसर्जन. त्या पाच मिनिटांच्या रकान्यात आम्ही विषामृत, साखळी, रुमाल पळवणे असं काहीतरी लिहून मोकळ्या व्हायचो. वही तपासणारे सर मुख्य कौशल्यावर दहा प्रश्न विचारत, या रकान्यावर एकही नाही. पण प्रत्यक्ष शाळेत पाठ घ्यायला उभं राहिलं, की मुलं पहिल्या मिनिटापासून एकच विचारायची, “मॅडम, खेळ कधी?”

माझं शिक्षण अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली ही संस्था. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक देशी खेळांची आणि व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवायला जर्मनीला गेलं होतं. हे तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडतं आणि देशी खेळांकडे बघायची नजर बदलते. मी स्वतः खो-खो खेळणारी. शाळेच्या संघात होते, म्हणून मैदानावर होते. पी.टी.च्या तासाला कडेच्या कट्ट्यावर बसलेल्या मैत्रिणी मला तेव्हा दिसायच्या, पण त्या तिथे का बसल्या आहेत हा प्रश्न शिक्षिका झाल्यावर पडला.

आता मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवते. पाचवी ते दहावीच्या सगळ्या तुकड्यांना शारीरिक शिक्षण मीच घेते. एका तुकडीचा पट साठच्या आसपास. तास पस्तीस मिनिटांचा. वर्गातून रांगेनं खाली यायला आणि हजेरीला पाच मिनिटं, पाणी पिऊन परत वर्गात जायला पाच मिनिटं. उरली पंचवीस. या पंचवीस मिनिटांत नियमाप्रमाणे खो-खो घेतला, तर पाठलाग करणारे नऊ आणि आत पळणारे तिघं, म्हणजे एका वेळी बारा मुलं कामात. बाकीची अठ्ठेचाळीस बघ्यांत. पुन्हा ते बाराही बहुतेक वेळा तेच. ज्यांना पळता येतं ते पळतात आणि आणखी चांगले पळायला लागतात. ज्याला पळण्याची खरी गरज आहे तो पहिल्या अर्ध्या मिनिटात बाद होतो आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसतो.

म्हणून मी माझ्या तासासाठी एक नियम धरला. खेळ कुठलाही असो, बाद झालेलं मूल बसून राहता कामा नये.

हे ठरवल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपल्या गल्लीतल्या जुन्या खेळांनी ही सोय आधीच करून ठेवलेली आहे. कबड्डीत गडी बाद होतो, पण त्याच्या संघानं समोरचा गडी मारला की तो जिवंत होऊन आत येतो. साखळीत पकडला गेलेला खेळाबाहेर जात नाही, साखळीतली एक कडी होऊन दुप्पट पळतो. आणि विषामृत तर सगळा या एकाच कल्पनेवर उभा आहे. ज्याच्यावर राज्य आहे त्यानं हात लावून ‘विष’ म्हटलं, की जागेवर खाली बसायचं. आपल्यातल्या कुणीतरी येऊन हात लावून ‘अमृत’ म्हटलं, की उठून पुन्हा पळायचं. खाली बसलेलं मूल इथे हात वर करून ओरडत असतं, कारण त्याला माहीत असतं की कुणीतरी येणार आहे.

साठ मुलांत विषामृत खेळायचं तर राज्य एकावर ठेवून चालत नाही. मी आठ जणांवर राज्य देते. त्यांच्या गळ्यात लाल पट्टी, आणि दर तीन मिनिटांनी शिट्टी वाजली की पट्ट्या दुसऱ्या आठ जणांकडे. पुढे गुणांची पद्धत बदलली. कोण किती वेळ वाचला हे मोजायचं सोडलं, कुणी किती जणांना अमृत दिलं ते मोजायला लागले. त्यानंतर वर्गातल्या सगळ्यांत चपळ मुलांचं वागणं माझ्या डोळ्यांदेखत बदललं. आठवीत एक मुलगा होता, शंभर मीटरमध्ये जिल्ह्यापर्यंत गेलेला. आधी तो मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा, कारण तिथे त्याला कुणी गाठूच शकत नसे. अमृताचे गुण सुरू झाल्यावर तो राज्य असलेल्यांच्या मधून वाकडातिकडा पळत खाली बसलेल्यांना हात लावत सुटायचा. वर्गातली ज्यांच्याशी तो एरवी बोलतही नसे अशी पोरं त्याचं नाव घेऊन हाका मारू लागली.

संघ पाडण्याचा प्रश्न याहून नाजूक. दोन कप्तान उभे करायचे आणि एकेकानं एकेक नाव घ्यायचं, ही शाळाशाळांतली पद्धत. शेवटी तीन-चार मुलं उरतात. ती कोण उरणार हे सगळ्या वर्गाला आधीच माहीत असतं आणि त्यांनाही. त्या दोन मिनिटांत ज्या मुलाचं तोंड उतरतं, त्याला पुढच्या वीस मिनिटांत कितीही चांगला खेळ दिला तरी तो मनापासून खेळत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. माझ्या आजोळी भिडू वाटायची वेगळी रीत होती आणि ती मी शाळेत आणली. मुलांनी आपापली जोडी जमवायची, जोडीतले दोघं साधारण सारख्या ताकदीचे. मग जोडीनं थोडं लांब जायचं, गुपचूप दोन नावं ठरवायची आणि कप्तानांपुढे येऊन विचारायचं, “कुणाला आंबा, कुणाला चिंच?” एका कप्तानानं आंबा मागितला की आंबा त्याच्याकडे, चिंच दुसऱ्याकडे. नाव घेऊन कुणी कुणाला निवडत नाही, कुणी शेवटी उरत नाही आणि दोन्ही संघ आपसूक तोलाचे होतात. सारख्या ताकदीचा भिडू शोधताना मुलं विलक्षण प्रामाणिक असतात. आपण कुठे आहोत हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. हल्ली आंबा-चिंच मागे पडून क्रिकेटपटू, मोबाइलचे खेळ, वडापाव-भजी असं काहीही येतं. पाचवीतल्या दोघी एकदा ‘लसावि’ आणि ‘मसावि’ होऊन आल्या होत्या. दोन्ही कप्तानांना लसाविच हवा होता.

डॉजबॉल मुलांचा फार आवडता. तोही मुळात मुलांना एकेक करून बाहेर काढणारा खेळ. आम्ही मैदानाचे चार भाग करतो. मधल्या दोन भागांत दोन संघ, आणि दोन्ही टोकांना फक्की मारून आखलेली पट्टी. चेंडू लागलेल्या मुलानं समोरच्या संघाच्या पाठीमागच्या पट्टीत जायचं आणि तिथून चेंडू मारायचा. त्याचा चेंडू कुणाला लागला की हा परत आपल्या संघात. चेंडू म्हणजे जुना व्हॉलीबॉल, हवा थोडी कमी केलेला, म्हणजे लागला तरी झोंबत नाही. मारायचा गुडघ्याच्या खाली. वर लागला तर मारणाराच पट्टीत. एका मैदानावर दोन चेंडू ठेवले की उभं राहून बघायला कुणाला वेळच मिळत नाही.

लंगडीनं मला सगळ्यांत जास्त आनंद दिला. पोरगे ती मुलींचा खेळ म्हणून टाळत. मी तीन चौकोन आखले, एकेका बाजूला दहा-दहा मीटरचे, एकमेकांना लागून. प्रत्येक चौकोनात वीस मुलं, त्यांतले तिघं लंगडी घालणारे, मुलंमुली एकत्र. एका चौकोनात बाद झालेला शेजारच्या चौकोनात जाऊन खेळतो, तिसऱ्यातला पुन्हा पहिल्यात. पाय टेकला की लंगडी घालणारा बदलला. सातवीतले दांडगे पोरगे दहा-बारा उड्यांत दमून पाय टेकत होते. ठिकरी खेळत वाढलेल्या मुली तोल न जाऊ देता, शेवटच्या क्षणी दिशा बदलून त्यांना टिपत होत्या. तास संपल्यावर दोन-तीन पोरं मागे राहिली आणि एकीला विचारू लागली, “तू वळतेस कशी गं?” ती त्यांना टाच न टेकता चवड्यावर कसं राहायचं ते करून दाखवत होती. मुलग्यांना मुलीकडून खेळातलं काही शिकून घेताना मी पहिल्यांदा पाहत होते.

आठवीनंतर मुली कडेला बसायला लागतात, हे प्रत्येक क्रीडाशिक्षिकेला माहीत आहे. पाळी, पोटदुखी, ओढणी सावरायची काळजी, मुलांचे शेरे, ‘आता मोठी झालीस’ म्हणून घरून मिळालेली ताकीद. यावर भाषण देऊन काही होत नाही. ओढण्या वर्गात घडी करून ठेवायच्या, हा नियम मी सगळ्यांसाठी एकदम केला, म्हणून एकटीदुकटीवर तो आला नाही. पोट दुखत असेल तर कारण विचारत नाही. गुण लिहिणं, वेळ लावणं, लगोरीला बसणं, यांतलं तिला हवं ते तिनं निवडायचं. शेरे मारणाऱ्याला त्या दिवशी त्याच मुलीच्या संघात घालते. संघ हरायला लागला की त्याचे शेरे थांबतात, कारण आता तिच्या पळण्यावर त्याचेही गुण अवलंबून असतात.

लगोरीचं सविस्तर सांगायला हवं. गावातल्या फरशीवाल्याकडून शहाबादीचे सात तुकडे कापून आणले होते, खालचा तळहातापेक्षा मोठा आणि वरचा पेढ्याएवढा. पण शहाबादीचे पापुद्रे निघतात, कडा धारदार होतात. म्हणून नंतर सुताराकडून लाकडाच्या सात चकत्या करून घेतल्या. रबरी चेंडू गावातल्या दुकानात मिळतो. एवढं सामान पंधरा मुलांना पुरतं, म्हणून चार ठिकाणी चार लगोऱ्या मांडते.

सहावीत एक मुलगी होती. तिचा उजवा पाय लहानपणापासून अधू. तासाला ती वर्गाच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायची आणि आधीच्या वर्गापासून ते तिचं काम ठरूनच गेलं होतं. गल्लीत लहान भावंडांना खेळात घेतात ना, लिंबूटिंबू म्हणून, त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बादही होत नाही, तसं मुलींनी तिला एकदा घेतलं. दुसऱ्या तासाला ती स्वतःच बाटल्यांकडे परत गेली. मी विचारलं तर म्हणाली, “मॅडम, मला बाद करतच नाहीत.”

लगोरी सुरू झाली तेव्हा तिनं विचारलं, मी रचायला बसू का? लगोरी फोडल्यावर बाकीचे पळणार, समोरचे चेंडू मारणार, आणि ही चकत्यांपाशी पाय लांब करून बसून रचणार. अट एकच, तिला चेंडू लागला तर संघाची पाळी गेली. मुलांनी त्यावर आपसांत बोलून नियम काढला, की संघातल्या दोघांनी तिच्या दोन बाजूंना उभं राहून चेंडू हातानं अडवायचा, पण जागा सोडायची नाही. हा नियम माझा नव्हे. तिनं पहिल्यांदा रचली तेव्हा मी जवळच उभी होते. तिचे हात घाईत नव्हते. सगळे ओरडत होते, “लाव, लाव!” आणि ती चकती ठेवायच्या आधी खालच्या चकतीवरची माती अंगठ्यानं पुसून घेत होती. मातीनं चकती घसरते, हे पळणाऱ्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. चौथ्या चकतीला चेंडू आला, डावीकडच्या पोरानं अडवला. सहावीला मागून आला तो तिच्या खांद्याला लागला. बाद. समोरच्या संघानं जल्लोष केला आणि ती हसत होती. पुढच्या पाळीत सातही लावल्या. वर्षाअखेरीपर्यंत तिला संघात घेण्यासाठी भांडणं व्हायची. भिडू वाटताना तिच्या तोलाची जोडी शोधणं अवघड, म्हणून दुसरा एक पोरगा घरी फरशीचे तुकडे रचून सराव करून आला, तिचा जोडीदार व्हायला.

खो-खोवरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. शाळेचा संघ सकाळी सहा वाजता मैदानावर असतो आणि त्यांना मी सत्तावीस बाय सोळा मीटरच्या पुऱ्या मैदानावर, खांबांसकट, पुऱ्या नियमांनी खेळवते. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. एका संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दुसऱ्याची प्रियांका इंगळे, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. त्या सामन्यांनंतर आमच्या मुलींनी माझ्या फोनवर तुकडे पाहिले आणि आठवडाभर सगळ्या शाळेला खो-खोच हवा होता. तासाला मी त्यांना उभा खो दिला. आमच्याकडे तो असा खेळतात: मुलं जोडीजोडीनं, एकामागे एक, मोठ्या वर्तुळात उभी राहतात. एक पाठलाग करतो, एक पळतो. पळणारा एखाद्या जोडीच्या मागे येऊन ‘खो’ म्हणाला, की तो तिथे थांबतो आणि जोडीतला पुढचा पळतो. तीन वर्तुळं केली की साठही मुलं जागी राहतात, कारण खो कधी मिळेल याचा नेम नसतो. त्याच मुलांतून पुढे संघाला दोघी मिळाल्या. त्या एरवी निवडचाचणीला आल्याच नसत्या.

विरोध झाला नाही असं नाही. शाळेला भेट द्यायला आलेल्या एका साहेबांनी मैदानावरचा आरडाओरडा पाहून विचारलं होतं, तास आहे की मधली सुट्टी? त्यांना सरळ रांगा, एका ठेक्यातल्या हालचाली बघायच्या होत्या. त्या आम्ही शनिवारी सकाळच्या शाळेत सामुदायिक कवायतीला करतोच आणि चांगल्या करतो. पालक विचारतात, खेळाचे वाढीव गुण मिळतील का? दहावीला ते मिळतात, पण वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांना. म्हणजे आमच्या साठातल्या एखाद्याला. बाकीच्या मुलांना लंगडीनं गुण मिळणार नाहीत, हे मी पालकांना स्पष्ट सांगते. तुमचं मूल आठवड्यातून दोनदा घामाघूम होतं, रात्री लवकर झोपतं आणि वर्गातल्या सगळ्यांशी बोलतं, हेही सांगते. परीक्षा जवळ आल्या की पी.टी.चा तास गणिताला किंवा विज्ञानाला मागितला जातो. मी देत नाही. यावरून स्टाफरूममध्ये वाद झाले आहेत आणि होतील. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असलं पाहिजे असं लिहिलेलं आहे. मैदान मिळालं आणि तास गेला, तर त्या मैदानाचा मुलांना काय उपयोग?

पावसाळ्यात मात्र नाइलाज होतो. आमची जमीन काळी, ज्वारीची. एक सर पडली की मैदान पायाला चिकटतं आणि दोन दिवस वाळत नाही. तेव्हा व्हरांड्यात रुमाल पळवणे, टोपी-टोपी असलं काही घेते. ते खेळ वाईट नाहीत, पण साठ मुलांना व्हरांडा पुरत नाही.

सध्या आठवीच्या दोन तुकड्यांत विषामृतावरून मतभेद चालू आहे. ‘अ’ तुकडी म्हणते, अमृताचा हात लागला की लगेच जिवंत. ‘क’ तुकडी म्हणते, नाही, पूर्ण उठून उभा राहिला की जिवंत. तोवर पुन्हा विष लागू शकतं. ‘क’च्या पद्धतीनं खेळ कठीण होतो आणि अमृत देणाऱ्याला क्षणभर थांबून आडोसा द्यावा लागतो. ‘अ’च्या पद्धतीनं वेग वाढतो. दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत आणि मी निर्णय दिलेला नाही. त्यांना एकमेकांशी सामना खेळायचा आहे, म्हणून येत्या शनिवारी कवायत झाल्यावर दोन्ही तुकड्यांतले चार-चार जण बसून नियम लिहिणार आहेत. ‘क’कडून जे चौघं येणार आहेत, त्यात दोन असे आहेत जे मागच्या वर्षी तासाला सावलीतून उठत नसत.